टॅप उचलण्याआधी भोक मोजा

वाचकांचे प्रश्न, कारागिरांची उत्तरं

या वेळी नाशिक आणि आसपासच्या पत्रांमध्ये पाइपच्या आतल्या आट्यांचेच प्रश्न जास्त होते, म्हणून वेल्डिंगचे आणि मोटार रिवाइंडिंगचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. उत्तरांत नुसतं ‘आटे’ म्हटलंय तिथे आपल्याकडच्या नळ-फिटिंगवर असतात ते बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटे समजावेत. टॅप म्हणजे इथे नळ नव्हे, भोकात आटे कापायचं हत्यार.

प्रश्न: विहिरीवरच्या पंपाच्या बिडाच्या केसिंगला प्रेशर मीटरसाठी अर्धा इंची आटे पाडायचे आहेत. दुकानदाराने १८ मिमीचं ड्रिल दिलं. भोक छान पडलं, पण टॅप दोन फेरे गेला आणि अडकला. आणखी जोर लावू का?
– द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर: अजिबात नको. टॅप उलटा फिरवून सावकाश बाहेर काढा. तुमचा टॅप सरळ आट्यांचा, म्हणजे सगळीकडे एकाच व्यासाचा असणार. दांड्यावर ‘जी १/२’ किंवा ‘बीएसपी १/२’ कोरलेलं आहे का पाहा. त्याला १९ मिमी भोक लागतं. या आट्याचा मोठा व्यास २०.९५५ मिमी आणि लहान व्यास १८.६३१ मिमी. भोक १८ चं ठेवलं की टॅपच्या दातांची टोकं कापतातच, वर दोन दातांमधल्या खाचेचा तळही धातूला भिडतो. तो तळ कापण्यासाठी केलेलाच नसतो. टॅप आवळला जातो, आणि अशा वेळी हँडल लांब असेल तर हाताला कळायच्या आत दात उडतात.

दुकानदाराने अगदीच भलतं दिलं असंही नाही. टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळत्या टॅपसाठी १८.२५ मिमीच्या आसपासचं भोक चालतं, त्यामुळे ‘अर्ध्या इंचाला अठरा’ हे बऱ्याच जणांना तोंडपाठ असतं. ड्रिल आणायला जाताना टॅप खिशात घेऊन जावा, म्हणजे वाद राहत नाही. सरळ आट्यांसाठी भोकांची मापं अशी: पाव इंचाला ११.८ मिमी, तीन सुताला १५.२५, अर्ध्या इंचाला १९, पाऊण इंचाला २४.५ आणि एक इंचाला ३०.७५. अगदी बारीक, एक सुताच्या आट्याला ८.८.

‘मग थोडं सैलच बरं’ म्हणून २० मिमी मारू नका. १९ च्या भोकात आट्याची उंची पूर्ण उंचीच्या ८४ टक्क्यांच्या घरात येते, २० च्या भोकात ती ४१ टक्क्यांवर घसरते. टॅप लोण्यासारखा जातो, काम झकास झाल्यासारखं वाटतं, आणि पंप चालू केला की मीटरच्या बुडातून पाणी झिरपायला लागतं.

आता १८ चं १९ कसं करायचं? इथे ड्रिलला प्रत्येक बाजूने फक्त अर्धा मिलिमीटर कापायचा असतो. अशा वेळी ड्रिल धातूत एकदम घुसतं आणि हिसका देतं. हातातलं मशीन असेल तर मनगट मुरगळतं. केसिंग सोडवून ड्रिल मशीनच्या टेबलावर क्लॅम्पने आवळा, वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा, दाब हलका ठेवा. आधी पडलेले दोन फेऱ्यांचे आटे त्यात निघून जातील, त्याची काळजी नको. मग काउंटरसिंकने भोकाची कड साधारण २१.५ मिमीपर्यंत मोडून घ्या. कड मोडली नाही तर पहिला आटा भोकाच्या तोंडावर वर उचलला जातो आणि वॉशर कधीच सपाट बसत नाही.

बीड कोरडंच कापा. त्यात ग्राफाइट असतं, तेच वंगणाचं काम करतं. तेल टाकलं की चुऱ्याची पेस्ट होते आणि ती टॅपच्या चरांत, म्हणजे अंगावरच्या उभ्या खाचांत बसते. केसिंग सोडवायला सांगितलं ते याच चुऱ्यासाठीही. तो आत राहिला तर पंप चालू होताच थेट मेकॅनिकल सीलवर (शाफ्टपाशी पाणी अडवणाऱ्या भागावर) जातो.

आणखी एक. केसिंगच्या माथ्यावर प्रायमिंगचा प्लग असेल तर नवीन भोक पाडूच नका. प्लग काढून तिथे टी (तीन तोंडांचं फिटिंग) बसवा: एका तोंडाला मीटर, दुसऱ्या तोंडाला प्लग. कारखान्याने आटे पाडण्यासाठी जिथे धातू जाड ठेवला आहे, ती जागा सोडून दुसरीकडे बीड किती जाड आहे हे बाहेरून कळत नाही.

प्रश्न: फिटर ट्रेडला आहे. मेट्रिक टॅपचा सेट तीनचा असतो, पाइपच्या सरळ टॅपचा दोनचा, आणि टेपर टॅप एकटाच येतो. असं का? शिवाय माझा टॅप नेहमी तिरका जातो.
– आयटीआय विद्यार्थी, सातपूर

उत्तर: पाइपचे आटे व्यासाच्या मानाने बारीक असतात. अर्ध्या इंचाला एका इंचात १४ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.८१४ मिमी आणि आट्याची खोली जेमतेम १.१६ मिमी. एम२० च्या (२० मिमी व्यासाच्या मेट्रिक) नेहमीच्या आट्याचा पिच २.५ असतो. कापायचा धातू कमी, म्हणून दोन टॅपमध्ये भागतं. टेपर टॅपचं गणित वेगळं. तो जितका आत जाईल तितका आटा मोठा होत जातो, म्हणजे माप टॅपवर नाही, खोलीवर ठरतं. ते काम पहिल्या-दुसऱ्यात वाटून देता येत नाही.

तिरका जाण्याबद्दल. टॅप फिरवण्याआधी भोक सरळ आहे का ते पाहा. भोकच कलतं असेल तर टॅप त्याच्याच मागे जाणार. भोक सरळ असेल तर दोन्ही हात हँडलच्या मध्याजवळ ठेवून, वरून सारखा दाब देत दोन फेरे घ्या. मग हँडल काढून टॅपला गुण्या लावा. एका बाजूने लावून भागत नाही; नव्वद अंशांत सरकवून दुसऱ्या बाजूनेही लावा. इथपर्यंत चूक दुरुस्त होते: एक फेरा मागे घेऊन, कललेल्या बाजूच्या विरुद्ध किंचित दाब देत पुन्हा पुढे. तीन-चार फेरे झाल्यावर टॅप आपल्या आट्यांतच धरला गेलेला असतो. तेव्हा दांडा वाकवून सरळ करायला गेलात तर भोकाचं तोंड ढगळ होतं किंवा टॅप तुटतो.

वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीन रिकामं असेल तर सोपी युक्ती आहे. पाइपच्या बहुतेक टॅपच्या दांड्याच्या डोक्यावर बारीक सेंटर (मधोमध खळगा) असतो. भोक मारल्यावर जॉब न हलवता ड्रिल काढा, चकमध्ये टोकदार सेंटर धरा आणि तो टॅपच्या डोक्यात हलकेच टेकवून ठेवा. टॅप हँडलने फिरवायचा, मशीनने नाही. मशीनचा प्लग बोर्डातून काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही.

पुढे अर्धा-पाऊण फेरा, मागे पाव ते अर्धा, कीस तुटल्याचा ‘कट्’ हाताला लागेपर्यंत. हे सगळ्यांना शिकवतात. एक गोष्ट मात्र पुस्तकात क्वचित सापडते. अर्धा इंची टॅपला दोन्ही बाजू मिळून दीड-दोन फुटांचं हँडल हवं. आखूड हँडलवर माणूस झटके देतो, आणि टॅप ताकदीने तुटतात त्याहून जास्त झटक्याने तुटतात.

प्रश्न: टेपर टॅप किती आत घालायचा? माझं निपल (बाहेरून आटे असलेला आखूड पाइप) शेवटपर्यंत आत जातं, तरी गळतं.
– प्लंबिंग कंत्राटदार, इंदिरानगर

उत्तर: शेवटपर्यंत आत जातं म्हणूनच गळतं. टेपर आटे एकमेकांत पाचरीसारखे आवळले गेले तरच पाणी अडतं. तुम्ही टॅप जास्त खोल घातला, भोक मोठं झालं, आणि निपल आवळायच्या आतच त्याचे आटे संपले. हा टेपर १६ ला १ आहे. अर्ध्या इंचाच्या टॅपचा एक जादा फेरा म्हणजे भोक ०.११ मिमीने मोठं. ऐकायला क्षुल्लक, पण दोन-तीन फेरे जादा झाले की सगळी आवळण निघून जाते.

फेरे मोजत बसण्यापेक्षा जे निपल बसवायचं आहे तेच जवळ ठेवा. टॅप थोडा घाला, बाहेर काढा, भोक ब्रशने साफ करा, निपल टेफलॉन न लावता हाताने घाला. अर्ध्या इंचाचं निपल हाताने साधारण साडेचार आटे, म्हणजे ८ मिमी जाऊन घट्ट व्हायला हवं. तीनवरच थांबलं तर टॅप आणखी अर्धा फेरा घाला आणि पुन्हा लावून पाहा. पान्याने आवळायला त्यापुढे दीड ते अडीच फेरे उरले पाहिजेत. पाऊण इंचाला हाताने साडेनऊ मिमीच्या आसपास, पाव इंचाला सहा मिमी. निपलचे आटे स्वतः डायने (बाहेरचे आटे कापायच्या हत्याराने) पाडलेले असतील तर ही तपासणी आणखी गरजेची, कारण डाय ढिली लावली असेल तर निपलही जाडच निघतं.

टेपर टॅपचा भार प्रत्येक फेऱ्यागणिक वाढत जातो, कारण आत गेलेला प्रत्येक दात कापत असतो. शेवटचे दोन फेरे जड लागणार हे धरून चला. पाऊण इंचाच्या वर काम वारंवार येत असेल तर आधी टेपर रीमर (भोक निमुळतं करणारं हत्यार) फिरवा, टॅपचं आयुष्य वाढेल.

तसं पाहिलं तर घरगुती पाण्याच्या लाइनला आत टेपर आटे पाडायची गरजच नसते. आयएस ५५४ या मानकात बाहेरचे आटे टेपर आणि आतले सरळ ही जोडी मान्य आहे, आणि बाजारातल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) सॉकेटमध्ये हीच जोडी दिसते. सरळ टॅप तळापर्यंत घातला तरी माप बिघडत नाही. वाफ, हवा किंवा तेलाची लाइन असेल तर मात्र टेपरात टेपर.

प्रश्न: फवारणी पंपाच्या पितळी हेडमध्ये पाव इंची टॅप तुटून बसला. टॅप हँडल नव्हतं म्हणून स्क्रू पान्याने फिरवत होतो. ड्रिल लागत नाही. हेड टाकून द्यावं का?
– शेतकरी, दिंडोरी

उत्तर: टाकू नका, पितळ आहे म्हणून तुमचं नशीब बरं. तुटण्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. स्क्रू पाना एका बाजूने ओढतो, त्यामुळे टॅप पिळला जातो आणि वाकतोही. टॅपला पीळ बराच सोसतो, वाकणं सोसत नाही.

ड्रिल लागणार नाही, कारण टॅप आणि ड्रिल दोन्ही बहुधा एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे), कडकपणात सारखे. उलट ड्रिल घसरून बाजूचं मऊ पितळ खाईल. प्रयत्न या क्रमाने करा. आधी तारेने किंवा सुईने चरांतला कीस काढा. टॅप पुष्कळदा याच किसामुळे जखडलेला असतो. हवा मारणार असाल तर डोळ्यांवर चष्मा हवाच. टॅपचं टोक वर दिसत असेल तर गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवा आणि ग्रिप प्लायरने आधी पुढे, मग मागे, असं हलवत काढा. टोक आत असेल तर टॅप एक्स्ट्रॅक्टर मिळतो. त्याच्या पातळ बोटांसारख्या पट्ट्या टॅपच्या चरांत उतरतात. टॅपला चर तीन की चार हे मोजून त्याच मापाचा आणा.

तेही जमलं नाही तर तुरटी. किराणा दुकानात मिळते तीच. हेडमधले व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, सील, लोखंडी स्टड सगळं काढून टाका, कारण तुरटी लोखंड कुठलं हे पाहत नाही. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी घाला आणि हेड बुडवून ठेवा. टॅपवरून बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि पोलाद काळं पडून झिजत जातं. पितळाला धक्का लागत नाही. पाणी गरम ठेवलं तर काम लवकर होतं. साध्या कार्बन स्टीलचा टॅप लवकर जातो, एचएसएसला जास्त वेळ लागतो. भोकाचं तोंड वर राहील असं ठेवा, नाहीतर बुडबुडे अडकून बसतात. हवा खेळती असावी, आणि स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या भागातला टॅपही असा काढता येतो. बीड किंवा लोखंडाचा भाग असेल तर हा उपाय नाही. टॅपबरोबर भागही खाल्ला जाईल. तिथे स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी टॅप झिजवणं) करून घ्यावं. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत हे जॉबवर्क होतं. नेताना भाग पूर्ण सुटा आणि तेल पुसून न्या.

टॅप निघाल्यावर नवा टॅप हाताच्या बोटांनी उलटा फिरवा, जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसला की मगच पुढे. नाहीतर जुन्या आट्यांवर तिरके नवे आटे पडतात.

प्रश्न: बाहेरून आलेल्या मशीनचं अर्धा इंची फिटिंग आपल्या सॉकेटमध्ये छान फिरतं, पण कितीही टेफलॉन लावा, गळतंच. – देखभाल विभागातील वाचक, अंबड

उत्तर: ते एनपीटी असणार. अमेरिकन आटा, कोन ६० अंशांचा. आपला ५५ अंशांचा. अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे इंचाला १४ च आटे, म्हणून ते एकमेकांत बिनबोभाट फिरतात आणि माणूस फसतो. पाव इंचाला एनपीटीचे १८ आणि बीएसपीचे १९, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत अडकतं आणि निदान शंका तरी येते. भिंगातून पाहिलं तर बीएसपीच्या आट्याचं टोक गोलसर दिसतं, एनपीटीचं सपाट. खात्रीसाठी ५५ आणि ६० असे दोन्ही पिच गेज (आटे तपासायच्या दातेरी पट्ट्या) लावा. सॉकेटमध्ये एनपीटी टॅप घालून ‘जुळवून’ घेऊ नका. एनपीटी ते बीएसपी अडॅप्टर मिळतो, तो लावा. हायड्रॉलिक लाइन असेल तर याला पर्यायच नाही.

प्रश्न: प्रेशर मीटरच्या आट्यांवर पंधरा वेढे टेफलॉन दिला तरी थेंब येतो. – फवारणी ठेकेदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर: तुमच्या मीटरचे आटे सरळ असतील तर ते पाणी अडवायला नाहीतच, फक्त धरून ठेवायला आहेत. गळती थांबते ती मीटरच्या दांड्याच्या टोकाखाली बसणाऱ्या तांब्याच्या किंवा फायबरच्या वॉशरने. त्यासाठी भोकाचा तळ सपाट हवा. तळ ड्रिलच्या टोकासारखा शंकूच्या आकाराचा राहिला असेल तर वॉशर कडेवर टेकतो आणि चिरतो. सपाट तोंडाच्या कटरने तळ करून घ्या, तांब्याचा वॉशर लालसर तापवून थंड करून मऊ करा आणि लावा. टेफलॉन सगळा काढून टाका. जाड थरामुळे मीटर तळापर्यंत पोचतच नाही, वर पातळ धातूचं तोंड फाटायची भीती.

प्रश्न: वायनरीतल्या स्टेनलेस पाइपमध्ये टॅप दोन भोकांत बोथट होतो. – फॅब्रिकेटर, सिन्नर

उत्तर: ड्रिल पाहा. ३०४ स्टेनलेस घासलं की कडक होतं. बोथट ड्रिलने भोकाची भिंत आधीच कडक केलेली असते आणि टॅप तिच्यावर मरतो. ड्रिलला धार लावा, वेग कमी, दाब जास्त, मध्ये थांबून घासत राहायचं नाही. टॅप कोबाल्टचा घ्या, गंधकयुक्त कटिंग ऑइल सढळ हाताने वापरा. दुधासारखं पांढरं सोल्युबल ऑइल हाताने टॅप मारताना स्टेनलेसला पुरत नाही. काम झाल्यावर तेल पूर्ण धुऊन काढा, पाइपमधून वाइन जायची आहे.

प्रश्न: छपरावरच्या ३ मिमी पत्र्याच्या टाकीला पाऊण इंची आटे पाडता येतील का? आणि जुन्या कॉम्प्रेसरच्या टाकीला जादा आउटलेट? – वाचक, पंचवटी

उत्तर: तीन मिमीत पाऊण इंचाचे दीड-पावणेदोन आटे बसतात. ते नळाचं वजनही पेलणार नाहीत. पाण्याच्या टाकीला भोक पाडून दोन्ही बाजूंनी रबर वॉशर लावून टँक निपल बसवा, किंवा टाकी रिकामी करून अर्धं सॉकेट वेल्ड करा. कमीत कमी चार-पाच पूर्ण आटे मिळतील इतकी जाडी असेल तिथेच टॅप. पाऊण इंचाला ती ८ ते ९ मिमी होते.

कॉम्प्रेसरच्या टाकीला भोक पाडू नका, वेल्डही करू नका. जुनी टाकी आतून पाण्याने गंजलेली असते, बाहेरच्या रंगावरून जाडी कळत नाही, आणि हवेची टाकी फुटते तेव्हा पाण्याच्या टाकीसारखी गळून थांबत नाही. असलेल्या आउटलेटवर टी किंवा मॅनिफोल्ड लावून हव्या तितक्या लाइनी काढा. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र त्या मॅनिफोल्डवर हलवू नका; तो टाकीवरच, मध्ये कुठलाही कॉक न ठेवता राहिला पाहिजे.